कागद आणि लगदा उद्योग : पुण्यातील प्रकाशक, मुद्रक आणि वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अप्पा बळवंत चौकात पुस्तके घेणाऱ्या वाचकाला, पेठेतल्या छापखान्यात कागदाचा भाव काढणाऱ्या प्रकाशकाला आणि चाकणच्या कारखान्यासाठी पुठ्ठ्याच्या खोक्यांची खरेदी करणाऱ्याला पडणारे प्रश्न वेगवेगळे असतात. मात्र त्यांची उत्तरे बहुधा एकाच मुद्द्यापाशी येतात : कागदातला तंतू कोठून आला, तो किती लांब आहे आणि त्याच्यावर कोणती प्रक्रिया झाली. कागदाचा भाव, त्याचे आयुष्य आणि त्याचा पर्यावरणावरील भार या तिन्ही गोष्टी तंतूवर ठरतात. पुढील उत्तरे वाचताना एवढे ध्यानात ठेवल्यास बाकीचे तपशील आपोआप जागेवर बसतील.

जगात दरवर्षी किती कागद तयार होतो आणि तो कोण तयार करते?

कागद आणि पुठ्ठा मिळून जगाचे वार्षिक उत्पादन सुमारे ४० कोटी टनांच्या घरात आहे. त्यात चीनचा वाटा सर्वांत मोठा असून तो एक चतुर्थांशाहून अधिक आहे. अमेरिका दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि त्यानंतर जपान, जर्मनी व भारत यांचा नंबर लागतो. या उत्पादनातला निम्म्याहून बराच अधिक भाग वेष्टनासाठी, म्हणजे खोकी, डबे आणि पिशव्यांसाठी वापरला जातो. पुस्तके, वह्या आणि वर्तमानपत्रे यांचा वाटा त्या मानाने लहान आहे आणि तो कमी होत चालला आहे.

कागदाप्रमाणेच लगद्याचाही मोठा व्यापार चालतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. काही देश लगदा तयार करून, वाळवून, त्याच्या जाड पत्र्यांचे गठ्ठे बांधून जगभर विकतात. या व्यापारात आज ब्राझील आघाडीवर आहे. तेथे निलगिरीचे झाड सहा-सात वर्षांत तोडणीला येते, तर फिनलंड किंवा स्वीडनमधल्या सूचिपर्णी झाडाला त्यासाठी कित्येक दशके लागतात. गेल्या काही वर्षांत लगद्याच्या नव्या अजस्र गिरण्या दक्षिण अमेरिकेत का उभ्या राहिल्या, याचे मुख्य कारण हेच आहे. ब्राझीलमधील सुझानो या कंपनीची २०२४ मध्ये सुरू झालेली रिबास दो रिओ पार्दो येथील एकच गिरणी वर्षाला २५ लाख टनांहून अधिक लगदा तयार करण्याच्या क्षमतेची आहे.

लाकडापासून कागद नेमका कसा बनतो?

लाकडात मुख्यतः सेल्युलोजचे तंतू असतात आणि लिग्निन नावाचा पदार्थ त्यांना एकमेकांशी चिकटवून ठेवतो. कागद बनवायचा म्हणजे हे तंतू सुटे करायचे आणि पुन्हा पातळ थरात एकत्र आणायचे. सुटे करण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली यांत्रिक : लाकूड दगडावर किंवा चकत्यांमध्ये घासून दळले जाते. १८४४ च्या सुमारास जर्मनीत फ्रीडरिख केलर यांनी ही पद्धत शोधली आणि त्याच काळात कॅनडात चार्ल्स फेनर्टी यांनीही स्वतंत्रपणे तसाच प्रयोग केला. या पद्धतीत लाकडाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग लगद्यात उतरतो, परंतु लिग्निनही त्यातच राहते. म्हणून असा कागद स्वस्त पडतो आणि लवकर पिवळा होतो. वर्तमानपत्राचा कागद प्रामुख्याने याच कुळातला.

दुसरी वाट रासायनिक आहे. तीत आज जगभर क्राफ्ट पद्धतीचे वर्चस्व आहे. कार्ल डाल या रसायनतज्ज्ञाने १८७९ मध्ये ती विकसित केली. लाकडाच्या ढलप्या कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात १६०-१७० अंश सेल्सिअसच्या आसपास, दाबाखाली शिजवल्या जातात. लिग्निन विरघळते आणि तंतू मोकळे होतात. लाकडाच्या वजनातला निम्म्याहून थोडा कमी भाग लगदा म्हणून हाती येतो. उरलेला भाग ‘ब्लॅक लिकर’ या काळ्या द्रावात जातो, आणि या पद्धतीचे खरे सामर्थ्य या काळ्या द्रावातच आहे. तो आटवून घट्ट केला जातो आणि खास बॉयलरमध्ये जाळला जातो. त्यातल्या लिग्निनमुळे वाफ आणि वीज मिळते व तळाशी साचलेल्या वितळलेल्या क्षारांपासून शिजवण्याची रसायने पुन्हा तयार करता येतात. चांगल्या प्रकारे चालणारी क्राफ्ट लगदा गिरणी स्वतःची बहुतांश ऊर्जा स्वतःच निर्माण करते. काही गिरण्या तर उरलेली वीज विकतातही.

यानंतर लगदा यंत्रावर जातो. यंत्राच्या तोंडाशी जो द्राव येतो, त्याच्या शंभर भागांत साधारण एकच भाग तंतू असतो आणि बाकी सारे पाणी असते. धावत्या जाळीवर हा द्राव पसरताच पाणी खाली झिरपते, तंतूंचा ओला पडदा तयार होतो, जड रूळ त्यातले आणखी पाणी पिळून काढतात आणि वाफेने तापवलेल्या मोठ्या सिलिंडरांवरून फिरत फिरत तो वाळतो. हे सर्व काही सेकंदांत घडते. यंत्राची मूळ कल्पना फ्रान्समधील लुई-निकोला रॉबेर यांची असून ती १७९८-९९ मधली आहे. पुढे लंडनमध्ये फूर्द्रिनिये बंधूंनी तिच्यावर पैसा लावला आणि ब्रायन डॉन्किन यांनी ती चालती केली. आजचे मोठे यंत्र दहा मीटर रुंदीचा कागद मिनिटाला दीड ते दोन किलोमीटर वेगाने बाहेर काढू शकते. जाळीवर पाणी गाळून थर धरायचा, हे तत्त्व मात्र हातकागदाचेच आहे.

लांब तंतू आणि आखूड तंतू यांत काय फरक असतो?

पाइन, स्प्रूस यांसारख्या सूचिपर्णी झाडांचा तंतू साधारण तीन मिलिमीटर लांब असतो. निलगिरी, सुबाभूळ, सुरू यांचा एक मिलिमीटरच्या आसपास असतो. बांबू या दोहोंच्या मध्ये येतो. लांब तंतू कागदाला ताकद देतो, तर आखूड तंतू गुळगुळीतपणा, अपारदर्शकता आणि चांगली छपाई देतो. सिमेंटची पिशवी आणि कवितासंग्रहाचे पान यांच्या गरजा वेगळ्या असल्याने गिरणी या दोन्हींचे मिश्रण बदलत राहते. भारतात व्यापारी प्रमाणावर सूचिपर्णी लाकडाचा लगदा तयार होत नाही, त्यामुळे लांब तंतूचा लगदा मुख्यतः उत्तरेकडील थंड देशांतून आयात करावा लागतो.

फिनलंडमध्ये संप झाला किंवा चीनने धोरण बदलले, तर पुण्यातल्या छापखान्यात कागद महाग का होतो?

हा प्रश्न २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक लहान प्रकाशकाने विचारला असेल आणि तो रास्तच आहे. पुस्तकाची किंमत जाहीर करून सवलतीत आगाऊ नोंदणी घ्यायची आणि छपाईच्या वेळी कागदाचा भाव भलताच निघायचा, हा अनुभव लहान प्रकाशकाचे कंबरडे मोडणारा असतो.

त्या काळात अनेक गोष्टी एकत्र आल्या. चीन अनेक वर्षे जगाची रद्दी विकत घेत होता. २०१८ मध्ये त्याने रद्दीतील भेसळीची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली आणि १ जानेवारी २०२१ पासून रद्दीची आयातच बंद केली. चीनच्या गिरण्यांना तंतू तर हवाच होता. मग त्यांनी रद्दीऐवजी रद्दीपासून तयार केलेला लगदा आणि क्राफ्ट कागदाची, म्हणजे खोक्यांच्या तपकिरी कागदाची, रिळे बाहेरून घ्यायला सुरुवात केली. भारतातल्या क्राफ्ट गिरण्यांनाही निर्यातीची ही बाजारपेठ खुली झाली आणि देशातल्या खोकी बनवणाऱ्या लहान कारखान्यांना कागद महाग व दुर्मिळ झाला. त्यात कोविडनंतर जहाजांच्या कंटेनरांचा तुटवडा होता आणि वाहतुकीचे दर वाढलेले होते. टाळेबंदीत शाळा आणि कचेऱ्या बंद राहिल्याने रद्दीचे संकलनही घटले होते. २०२२ च्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत फिनलंडमधील यूपीएम या कंपनीच्या गिरण्यांत संप चालला. फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि युरोपातील नैसर्गिक वायू महागल्याने तेथील गिरण्यांचा उत्पादनखर्च वाढला.

लगद्याचे व्यवहार डॉलरमध्ये होतात. त्यामुळे रुपया घसरला की लगद्याचा भाव स्थिर असूनही आपल्याकडे कागद महागतो. येथील गिरणी स्वदेशी लाकूड किंवा रद्दी वापरत असली, तरी आयात कागद महाग झाल्यावर तिला स्वतःचा भाव खाली ठेवण्याचे कारण उरत नाही. व्यवहारात एवढे करता येते की पुस्तकाची किंमत ठरवण्यापूर्वी कागदाचा भाव लेखी घ्यावा, तो किती दिवस टिकेल हे विचारावे आणि शक्य असल्यास कागद आधी उचलावा. शालेय वर्षाच्या तोंडावर, म्हणजे मार्च ते जूनच्या दरम्यान, पाठ्यपुस्तके आणि वह्यांची मागणी एकदम वाढते. ललित पुस्तकाची छपाई त्या काळात टाळता आली तर उत्तम.

कागदामुळे जंगले नष्ट होतात, हे खरे आहे का?

काही ठिकाणी ते पूर्ण खरे आहे आणि काही ठिकाणी अजिबात खरे नाही, म्हणून एका वाक्यात उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल. जगात जेवढे लाकूड तोडले जाते, त्यातले जवळपास निम्मे जळण म्हणून वापरले जाते. उरलेल्यात बांधकाम, फर्निचर, प्लायवूड आणि कागद असे वाटेकरी आहेत. इंडोनेशियातील सुमात्रा बेटावर लगद्याच्या लागवडीसाठी नैसर्गिक वर्षावने तोडली गेली, दलदलीच्या जमिनी कोरड्या केल्या गेल्या आणि त्या वाळलेल्या जमिनींतल्या आगींचा धूर २०१५ मध्ये शेजारच्या देशांपर्यंत पसरला. हे नुकसान भरून येणारे नाही. दुसरीकडे, ब्राझीलचा निलगिरी लगदा लागवडीतून येतो. तेथे आक्षेप आहेत ते एकाच जातीच्या झाडांचे विस्तीर्ण पट्टे, पाण्याचा उपसा आणि जमिनीवरील हक्क यांबाबत, आणि तेही दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

भारतात १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने उद्योगांनी आपला कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांकडून मिळवावा अशी दिशा दिली. त्यानंतर आंध्र प्रदेश, तेलंगणा, तमिळनाडू आणि इतर राज्यांत शेतकऱ्यांच्या बांधावर आणि पडीक जमिनीवर निलगिरी, सुबाभूळ व सुरू यांची लागवड वाढली. आज भारतीय गिरण्यांचे लाकूड बहुतांशी याच शेतांतून येते. त्यामुळे ‘एक वही म्हणजे जंगलातले एक झाड’ हे समीकरण आपल्याकडे लागू पडत नाही. मात्र आयात लगद्याचे लाकूड कोठले, हा प्रश्न विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे. त्यासाठी १९९३ मध्ये स्थापन झालेल्या एफएससीसारख्या (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल), लाकूड कोठून आले हे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या व्यवस्था आहेत. त्या निर्दोष नाहीत, पण काहीच कागदपत्र नसण्यापेक्षा त्या निश्चितच बऱ्या.

एक टन कागदाला किती झाडे लागतात?

‘सतरा झाडे’ हे उत्तर सर्वत्र फिरते, पण झाडाची जात, वय आणि जाडी सांगितल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही. वजनाचा हिशेब अधिक विश्वासार्ह आहे. एक टन रासायनिक लगद्याला दोन टनांहून थोडे अधिक कोरडे लाकूड लागते. शिवाय छपाईच्या कागदाच्या वजनात बऱ्याचदा १५ ते २५ टक्के चुनखडीची भुकटी असते, आणि तेवढ्या भागाला लाकूड लागत नाही.

भारतातील गिरण्या कच्चा माल म्हणून काय वापरतात?

तीन गोष्टी : रद्दी, लाकूड व बांबू, आणि शेतीचे अवशेष. यांत रद्दीचा वाटा सर्वांत मोठा असून तो जवळपास तीन चतुर्थांश आहे. त्यातही मोठा भाग अमेरिका आणि युरोपातून आयात होतो. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरची गिरणी चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूच्या बळावर उभी राहिली. पुणे जिल्ह्यात भिगवणजवळ कोटेड, म्हणजे पृष्ठभागाला लेप दिलेल्या, कागदाची गिरणी आहे, आणि गुळगुळीत मासिके व कॅटलॉग यांसाठी लागणारा कागद ती तयार करते.

महाराष्ट्रात एवढा ऊस पिकतो, मग आपला सगळा कागद उसाच्या चिपाडापासून का बनत नाही?

कल्पना उत्तम आहे आणि ती तमिळनाडूत प्रत्यक्षात आली आहे. तमिळनाडू सरकारने १९७९ मध्ये स्थापन केलेली टीएनपीएल (तमिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स लिमिटेड) ही कंपनी करूर जिल्ह्यात चिपाडापासून, म्हणजे बगॅसपासून, मोठ्या प्रमाणावर छपाईचा कागद करते. तेथील व्यवस्था लक्षात घेण्याजोगी आहे. साखर कारखाना बगॅस आपल्या बॉयलरमध्ये जाळतो. ते काढून घ्यायचे तर त्याला पर्यायी इंधन द्यावे लागते. म्हणून कागद गिरणीने कारखान्यांना कोळसा किंवा वाफ पुरवून त्या बदल्यात बगॅस घेतले.

महाराष्ट्रात चित्र वेगळे आहे. आपल्या सहकारी आणि खासगी कारखान्यांनी बगॅसवर वीज निर्माण करून ती विकण्याचे प्रकल्प उभारले, त्यामुळे बगॅसला कागदाखेरीज दुसरा खात्रीचा ग्राहक मिळाला. शिवाय बगॅस वर्षभर मिळत नाही. गाळपाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, तर गिरणी बारा महिने चालवावी लागते. त्यामुळे बगॅसचे डोंगर ओले ठेवून साठवावे लागतात. त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग गाभ्याचा मऊ भुसा असतो. तो वेगळा न केल्यास कागद कमकुवत होतो आणि यंत्रावर पाणी नीट झिरपत नाही.

भाताच्या पेंढ्याचा प्रश्न आणखी अवघड आहे, कारण त्यात सिलिका भरपूर असते. शिजवल्यावर ही सिलिका काळ्या द्रावात उतरते आणि रसायने परत मिळवण्याच्या यंत्रणेत थर धरते. पूर्वी पेंढ्यावर चालणाऱ्या अनेक लहान गिरण्यांकडे अशी यंत्रणाच नव्हती, त्या हा द्राव सरळ नदीनाल्यात सोडत आणि पाणी मैलोन् मैल तपकिरी होई. ‘शेतीच्या टाकाऊ मालापासून’ असे वेष्टनावर लिहिले म्हणजे तो कागद आपोआप स्वच्छ ठरत नाही. काळ्या द्रावाचे काय केले, हे कळल्याशिवाय मी तरी त्या दाव्याला किंमत देणार नाही.

पेशवे दफ्तरातले कागद अजून शाबूत आहेत आणि १९३० सालची छापील पुस्तके हातात तुटतात. असे का?

पुण्यातल्या वाचकाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, कारण हे दोन्ही कागद याच शहरात, काही किलोमीटरच्या अंतरात पाहायला मिळतात. पुराभिलेखागारात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात अभ्यासकांनी रुमाल, म्हणजे कागदपत्रांचे कापडी गाठोडे, सोडला की अडीचशे वर्षांपूर्वीचे पत्र सहज उलगडते, घडी घालता येते, काळी अक्षरे ठळक दिसतात. उलट, शंभर वर्षेही न झालेल्या कादंबरीच्या पानाचा कोपरा एकदा दुमडून सरळ केला तर तो तुटून हातात येतो.

त्या जुन्या कागदाचा तंतू ताग, अंबाडी, जुने दोर, गोणपाट आणि चिंध्या यांच्यापासून काढलेला असे. तो लांब आणि मुळातच लिग्निन कमी असलेला होता. तो चुन्याच्या पाण्यात भिजवून कुटला जाई. चुना अल्कधर्मी असल्याने त्याचा अंश कागदात राहिला, तर पुढे निर्माण होणारे आम्ल तो काही काळ शमवतो. शाई पसरू नये म्हणून पानाला धान्याची खळ लावत आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटत. शाई काजळीची होती. काजळी म्हणजे कार्बन, ती कागदाला खात नाही. त्या काळच्या युरोपातील लोहयुक्त शाईने मात्र अनेक हस्तलिखितांना अक्षरांच्या आकाराची भोके पाडली.

एकोणिसाव्या शतकात दोन बदल झाले. पहिला, लाकूड दळून केलेला लिग्निनयुक्त लगदा आला. दुसरा बदल अधिक घातक होता. १८०७ मध्ये जर्मनीतील मोरित्स इलिग यांनी राळ आणि तुरटी वापरून लगद्यातच कागदाला खळ देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती स्वस्त होती आणि जगभर पसरली. तुरटी व तिच्या जागी आलेले ॲल्युमिनियम सल्फेट कागदात आम्ल निर्माण करते, हे आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्या हळूहळू तोडते आणि उष्णता व दमट हवा हे काम अधिक वेगाने करवून घेतात. साधारण १८५० पासून १९८० च्या दशकापर्यंतची जगातली बहुतेक पुस्तके अशा कागदावर आहेत. मराठीतल्या पहिल्या कादंबऱ्या, नियतकालिकांचे जुने अंक आणि शतकभराचे वैचारिक लेखन त्यांतच आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदासीन किंवा अल्कधर्मी खळ आणि चुनखडीची भुकटी वापरण्याची पद्धत रूढ झाली, त्यामुळे आजचा चांगला छपाईचा कागद कितीतरी अधिक टिकेल.

जुन्या पुस्तकांसाठी घरी एवढे करता येते : ऊन आणि भिंतीची ओल यांपासून ती दूर ठेवावीत, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नयेत आणि फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नये. १८४८ पासून चालत आलेले पुणे नगर वाचन मंदिर असो की गल्लीतले लहान वाचनालय असो, ज्यांच्याकडे दुर्मिळ प्रती आहेत त्यांनी डिजिटल प्रत करण्याचे काम पुढे ढकलू नये. आम्लाने झिजलेला कागद पुन्हा पूर्ववत होत नाही.

पुण्यात पूर्वी कागद बनत असे का?

होय. जुन्नर हे कागदाचे जुने केंद्र होते आणि तेथील कारागीर पुण्यात येऊन वसले. कसबा पेठेतील कागदीपुरा ही त्यांचीच वस्ती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंढव्याला यंत्रावर चालणारी डेक्कन पेपर मिल उभी राहिली. १९४० मध्ये, ग्रामोद्योगाच्या चळवळीच्या काळात, शिवाजीनगरला हातकागद संस्था स्थापन झाली. तेथे कापडाच्या गिरण्यांतील आणि शिवणकामातील सुती कापडाच्या कातरणांपासून कागद केला जातो. कापसाच्या तंतूत लिग्निन जवळजवळ नसते, त्यामुळे तो झाड न तोडता केलेला आणि दीर्घकाळ टिकणारा कागद आहे. पानाच्या कडा सरळ कापलेल्या न दिसता किंचित विस्कटलेल्या दिसतात, हे त्याचे ओळखचिन्ह.

जीएसएम म्हणजे काय, आणि पुस्तकाला किती कागद लागेल हे कसे काढावे?

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाचे श्रेयनामाचे पान पाहिल्यास त्यावर ७० जीएसएम क्रीमवोव्ह (पुस्तके-वह्यांचा साधा, लेप नसलेला कागद) असा उल्लेख आढळतो. ए-४ आकाराचे सोळा कागद जोडले की एक चौरस मीटर भरतो. म्हणून ७० जीएसएमच्या एका ए-४ कागदाचे वजन सुमारे ४.३७ ग्रॅम आणि ५०० कागदांच्या रीमचे सुमारे २.१९ किलो होते. रीम वजनकाट्यावर ठेवून लेबल खरे की खोटे हे कोणालाही तपासता येते, आणि तपासावे.

पुस्तकासाठी उदाहरण घेऊ. डेमी आकाराचे, म्हणजे सुमारे १४ बाय २१.५ सेंटिमीटरचे, २०० पानांचे पुस्तक आहे. २०० पृष्ठे म्हणजे १०० कागद, त्यांचे क्षेत्रफळ सुमारे ३.०१ चौरस मीटर आणि ७० जीएसएमने वजन सुमारे २११ ग्रॅम. हजार प्रतींना २११ किलो झाले. कापणी आणि छपाई सुरू करताना वाया जाणारे कागद धरून त्याहून अधिक मागवावा लागतो, आणि तो किती हे छापखान्याने आधी सांगायला हवे. मॅपलिथो हा छपाईचा अधिक गुळगुळीत कागद क्रीमवोव्हपेक्षा महाग पडतो. त्याच्या पृष्ठभागावर खळ असल्याने अक्षर अधिक रेखीव उठते. निव्वळ मजकुराच्या पुस्तकाला चांगला क्रीमवोव्ह पुरतो, असे माझे मत आहे.

पावसाळ्यात पुस्तकाचे कव्हर वाकडे का होते?

यंत्रावर कागद धावत असताना बहुतेक तंतू धावण्याच्या दिशेला समांतर होतात. तंतूला ओल लागली की तो लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. त्यामुळे कागद दमट हवेत तंतूंना आडव्या दिशेने जास्त प्रसरण पावतो. तंतू ज्या दिशेने पडलेले असतात, त्या दिशेला छापखान्यात ‘ग्रेन’ म्हणतात. ग्रेन पुस्तकाच्या कण्याला समांतर असली, तर पाने सहज उघडतात आणि कव्हर कमी वाकते. ती आडवी असली, तर पुस्तक आपोआप मिटते आणि जुलैच्या हवेत बांधणीजवळ सुरकुत्या पडतात. लॅमिनेशन एकाच बाजूला असेल, तर दुसरी बाजू ओल शोषून कव्हर आणखी वळते. ग्रेन ओळखण्यासाठी कागदाच्या लहान चौकोनी तुकड्याचा एकच पृष्ठभाग ओला करावा. तो वळून नळीसारखा होतो आणि त्या नळीची लांबी हीच ग्रेनची दिशा असते. कागद वाचवण्यासाठी चुकीच्या ग्रेनवर पुस्तक छापण्याचा मोह अनेकांना होतो. वाचकावर तो अन्याय आहे.

कागद पांढरा करण्यासाठी क्लोरीन वापरतात का?

पूर्वी सर्रास क्लोरीन वायू वापरत. तो उरलेल्या लिग्निनशी संयोग पावून डायॉक्सिनसारखी अत्यंत विषारी द्रव्ये तयार करतो, हे १९८० च्या दशकात स्पष्ट झाले. त्यानंतर बहुतेक मोठ्या गिरण्या क्लोरीन डायऑक्साइडकडे वळल्या, तर काही ऑक्सिजन, ओझोन व हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालतात. फिकट मलई रंगाचा कागद डोळ्यांनाही सुखकर असतो. झगझगीत पांढऱ्या कागदाचा हट्ट प्रकाशकांनी सोडला तर बरे होईल.

रद्दीचा कागद पुन्हा किती वेळा बनतो, आणि घरातून रद्दी कशी द्यावी?

साधारण पाच ते सात वेळा. प्रत्येक फेरीत तंतू तुटून आखूड आणि ताठर होतो, त्यामुळे साखळीत कोठेतरी ताजा तंतू मिसळावाच लागतो. छापील रद्दीचा लगदा साबणासारख्या रसायनांसह हवेच्या बुडबुड्यांतून नेला जातो. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि फेस काढून टाकला जातो.

तंतूचा खरा शत्रू ओला कचरा आहे. भाजीच्या सालांसोबत एकाच डब्यात गेलेले वर्तमानपत्र गिरणीच्या उपयोगाचे राहत नाही, मग येथील गिरणी तोच तंतू समुद्रापलीकडून विकत आणते. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था स्थापन झाली. दारोदार जाऊन कागद, पुठ्ठा, काच हातांनी वेगळे करणाऱ्या या बाया कागद उद्योगाच्या कच्च्या मालाच्या पहिल्या पुरवठादार आहेत. त्यांच्या हाती कोरडा, सुटा कागद आला तर त्याला भाव मिळतो. पुठ्ठा, वर्तमानपत्र आणि पांढरा कागद यांचे दर वेगळे असल्याने ते वेगळे ठेवावेत.

चहाचा कागदी कप आणि दुकानाची पावती रद्दीत चालते का?

नाही. कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो आणि सामान्य गिरणीत तो सुटत नाही. पावतीचा कागद बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या रासायनिक लेपाचा असतो. तेलकट पिझ्झ्याचे खोकेही याच यादीत धरावे.

मोबाइल आल्यावर कागद उद्योग संपत चालला आहे का?

वर्तमानपत्राचा कागद झपाट्याने घटला आहे, विशेषतः उत्तर अमेरिका आणि युरोपात. लेखन-छपाईच्या कागदाची तेथील मागणीही २००० नंतरच्या दशकापासून उतरणीला लागली. मात्र घरपोच खरेदीने खोक्यांची मागणी वाढवली आणि अनेक गिरण्यांनी वर्तमानपत्राच्या कागदाची यंत्रे बदलून त्यांवर खोक्यांचा कागद काढायला सुरुवात केली. भारतात दरडोई वापर वर्षाला सुमारे १५-१६ किलो आहे, तर जगाची सरासरी पन्नास किलोंच्या वर आहे. शिक्षण आणि वेष्टन या दोन्ही कारणांनी तो येथे वाढतच राहील.

या क्षेत्रातले शिक्षण कोठे मिळते?

कागद तंत्रज्ञानाचे प्रमुख शिक्षण आयआयटी रुडकीच्या सहारनपूर येथील परिसरात मिळते आणि केंद्रीय लगदा व कागद संशोधन संस्थाही त्याच शहरात आहे. पुण्यात मुद्रण अभियांत्रिकीचे शिक्षण पुणे विद्यार्थी गृहाच्या महाविद्यालयाने दीर्घकाळ दिले आहे. रसायन अभियांत्रिकी शिकलेल्यांनाही गिरण्यांत, विशेषतः रसायने परत मिळवण्याच्या आणि सांडपाणी शुद्ध करण्याच्या विभागांत, काम मिळू शकते.